एफआरपी काढायची तर सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरी कागल तालुक्यात चार एकर ऊस, तुम्ही शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचं एम.ए. करताय आणि सध्या मर्यादित सरकार, खुला बाजार यावर वाचताय. तुमचं मत झालंय की एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, केंद्राने ठरवलेला किमान दर), कारखान्यांमधल्या अंतराची अट, निर्यातबंदी, कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा या सगळ्यातून सरकारने बाहेर पडावं, म्हणजे शेतकऱ्याला बाजारात जास्त मिळेल. दिवाळीत हे वडिलांना सांगितलं तर ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "एफआरपी गेली की आपण संपलो." तर कोण चुकतंय?

मी कोल्हापुरात 26 वर्षं वकिली करते. सहकार, साखर आणि थकलेली ऊसबिलं हेच माझं बहुतेक काम. माहेर करवीर तालुक्यातलं, तिथं भावाचा ऊस अजून आहे. माझं मत आधीच सांगते. काय काय काढायचं, या यादीबद्दल मी बरीचशी तुमच्या बाजूची आहे. ते कुठल्या क्रमाने काढायचं, याबद्दल मी तुमच्या वडिलांच्या बाजूची आहे. आणि उसात क्रम चुकला तर यादी बरोबर असून काही उपयोग होत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: सरकारने घातलेल्या पाच-सहा बंधनांतलं कुठलं आधी सुटलं तर शेतकरी मोकळा होईल, आणि कुठलं आधी सुटलं तर तो उघडा पडेल?

सुरुवात ऊस विकण्यापासूनच करायला हवी, कारण ही विक्री दुसऱ्या कुठल्या मालासारखी नाही. सोयाबीनचा दर पडला तर पोती घरात रचून दोन महिने थांबता येतं. ऊस तोडला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा, नाहीतर वजन घटतं आणि साखरही उतरते. माल इतका जड की लांबची वाहतूक परवडत नाही. त्यात अडसाली लागण असेल तर जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस 16-18 महिन्यांनी तुटतो. बियाणं, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं पीककर्ज, सगळा पैसा आधी रानात जातो आणि दराचं बोलणं नंतर होतं. ज्याने आधी पैसा अडकवलाय आणि ज्याला गिऱ्हाईक एकच आहे, त्याला दर ठरवताना आवाज नसतो. तुमच्या अभ्यासक्रमात एकच खरेदीदार असलेल्या बाजारावर प्रकरण असेल. त्याचं उदाहरण तुमच्या बांधावर उभं आहे.

एक गोष्ट जवळून बघितलेली सांगते. भावाच्या शेजारच्या रानातला अडसाली ऊस फेब्रुवारी उजाडला तरी उभा होता. तुरे आले होते, सकाळच्या उन्हात सगळं रान पांढरं दिसत होतं, आणि हातात घेतलेलं कांडं आतून पोकळ व्हायला लागलं होतं. शेतकरी रोज गट ऑफिसला हेलपाटे घालत होता. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, म्हणायचा, पाळी आली की तोडणीची टोळी येईल. शेवटी टोळीला एकरी काही हजार रुपये आणि ट्रॅक्टरवाल्याला खेपेमागं एंट्री, म्हणजे वरचे पैसे, दिली, तेव्हा तोड आली. त्या माणसाला एफआरपी मिळाली, कागदावर पूर्ण मिळाली. पण घटलेलं वजन आणि वर दिलेले पैसे धरले तर त्याच्या हातात काय उरलं हे त्यालाच माहीत. दर कायद्याने बांधलेला होता, पण तोड कधी येणार हे कोणीच बांधलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू बघा. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला कारखान्याला नाही म्हणायची एक जागा पूर्वी होती, ती म्हणजे गुऱ्हाळ. माझ्या लहानपणी आमचा निम्मा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, गुऱ्हाळाला जायचा. कारखान्याची तोड लांबली की वडील सरळ गुऱ्हाळवाल्याला जाऊन सांगायचे, आणि चार दिवसांत आमच्या उसाचा रस काहिलीत उकळत असायचा. गुळाला कधीच एफआरपी नव्हती. सौद्यात रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, निघेल तो दर. तरी ज्या गावात गुऱ्हाळं जास्त होती तिथं कारखान्याचा शेती अधिकारी स्वतः घरी येऊन ऊस मागायचा. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, व्यापाऱ्यांना जागा आणि सोयी दिल्या, पुढे राधानगरीचं धरण हाती घेतलं. पाणी आणि बाजारपेठ राज्याने उभी करायची आणि सौदा लोकांवर सोडायचा, असा तो नमुना मी मानते. तुम्ही मर्यादित सरकारावर लिहिणार असाल तर परदेशातल्या उदाहरणांच्या आधी याच्यावर दोन पानं लिहा. पुढे मजूर मिळेना, साखर मिसळलेल्या गुळाने दर पाडला आणि गुऱ्हाळं एकामागून एक बंद होत गेली. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तोवर कितीतरी गावांतली चुलवाणं थंड झाली होती. गुऱ्हाळ गेलं तशी शेतकऱ्याची नाही म्हणायची ताकद गेली, आणि एफआरपीवरचं त्याचं अवलंबित्व वाढलं. वडिलांच्या रागाचं मूळ मला इथं दिसतं.

मग गिऱ्हाईक एकच का उरलं? काही अंशी निसर्गामुळे, ते वर सांगितलं. पण काही अंशी सरकारमुळे. साखर उद्योगाची परवाना पद्धत 1998 साली गेली, अंतराची अट मात्र राहिली. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांत 15 किलोमीटरचं हवाई अंतर आहे, ते वाढवायची मुभा राज्याला आहे आणि महाराष्ट्राने ते 25 केलं. म्हणजे तुमच्या भागात कोणी स्वतःच्या पैशाने, जास्त दर द्यायच्या तयारीने कारखाना काढतो म्हटलं तरी आधी नकाशावर रेघ ओढून बघावी लागते. आधीच्या कारखान्याला मिळालेलं हे संरक्षण आहे, आणि त्याची किंमत शेतकरी भरतो. 2023 च्या सप्टेंबरात तर राज्याने परराज्यात ऊस न्यायलाच बंदी घातली होती. सीमेवरच्या शिरोळ, कागल, गडहिंग्लजच्या शेतकऱ्यासाठी कर्नाटकातला कारखाना हे दुसरं गिऱ्हाईक. तेच तोडायचा आदेश निघाला. शेतकरी संघटना उठल्या आणि थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. असल्या वेळी सरकार कुणाच्या बाजूने उभं असतं हे तुमच्या वडिलांना विचारा. या मुद्द्यावर ते तुमच्याइतकेच खुल्या बाजाराचे असतील.

अंतराच्या अटीच्या बाजूने बोलणारे काय म्हणतात तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. कारखाना उभारायला शेकडो कोटी लागतात आणि तो वर्षातले थोडेच महिने चालतो. कारखाने दाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ऊस कमी येतो, गाळपाचे दिवस घटतात, टनामागचा खर्च वाढतो आणि कर्ज फिटत नाही. अलीकडे काही हंगाम 100 दिवसांच्याही आत आटोपले आहेत. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो कुठल्याही धंद्याला लागू होतो. नवीन दूध संघ निघाला की जुन्याचं संकलन घटतं, म्हणून आपण दोन डेअऱ्यांत 25 किलोमीटरचं अंतर ठेवलेलं नाही. आणि बघा, कोल्हापुरात दूध उत्पादक एका डेअरीचं दूध बंद करून दुसरीकडे घालू शकतो, त्यामुळे दहा दिवसांच्या दूधबिलावरून रस्ता रोखायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

आता आकडे. ते केल्याशिवाय या वादाला बूड येत नाही.

2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला 355 रुपये आहे, आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. आपल्याकडचा उतारा राज्यात चांगला, म्हणून हिशेबाला 12.25 धरू. दोन टक्के जास्त म्हणजे 20 पायऱ्या, 69.20 रुपये. एकूण 424.20, म्हणजे टनाला 4,242 रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा 900 रुपये धरली तर हातात 3,342. एक टन उसातून या उताऱ्याने 122.5 किलो साखर निघते. साखरेची किमान विक्री किंमत 2018 च्या जूनमध्ये किलोला 29 रुपये ठरली, 2019 च्या फेब्रुवारीत 31 झाली आणि मग वर्षानुवर्षं तिथंच थांबली. 31 रुपयांनी ही साखर 3,797 रुपयांची होते. म्हणजे उसाच्या ढोबळ दरापेक्षाही कमी. बाजारात 38 रुपये मिळाले असं धरलं तर 4,655. उसाचे पैसे देऊन 413 रुपये उरले, त्यातून गाळप, पगार, व्याज, पोती सगळं भागवायचं. बाकीचा भार मळी, बगॅस (चिपाड), सहवीज आणि इथेनॉलवर.

आता या आकड्यांवर तुमचा खुला बाजार लावून बघा. केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने 2012 साली सुचवलं होतं की सरकारने दर ठरवण्याऐवजी महसूल वाटून घ्यावा: साखर आणि उपपदार्थ मिळून 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या किमतीच्या 75 टक्के शेतकऱ्याला. महाराष्ट्राने 2013 साली 70:30 चा कायदाही केला. 4,655 चे 75 टक्के म्हणजे 3,491. एफआरपी 4,242. टनाला 751 रुपयांचा फरक, शेतकऱ्याच्या तोट्याचा. वडील ताटावरून उठले ते आकडेमोड न करता उठले असतील, पण त्यांचा अंदाज बरोबर आहे. एफआरपी काढली की उद्या दर वाढेल, हे खरं नाही. बाकी सगळं आहे तसं ठेवून एकटी एफआरपी काढली तर पहिली उचल, म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता, घसरेल, हीच शक्यता मोठी.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू तुमच्या बाजूने बोलते. साखर जर एवढा दर पेलत नाही, तर मधला फरक कोण भरतंय? बँक भरते, आणि बँकेच्या मागं राज्याची थकहमी असेल तर आपण सगळे भरतो. आणि साखर हा दर का पेलत नाही? कारण तिच्या गळ्याला दुसरा दोर आहे. लेव्ही साखर (रेशनसाठी सरकारला कमी दराने द्यावी लागणारी) आणि कोटा पद्धत 2013 साली गेली, तेव्हा साखर मोकळी झाली असं आम्हाला वाटलं होतं. 2018 साली महिन्याचा कोटा परत आला. 2022 च्या जूनपासून निर्यातीवर बंधन आलं, पुढे ती जवळजवळ बंदच झाली, आणि 2025 च्या जानेवारीत 10 लाख टनांना परवानगी मिळाली. जगात दर चढले की आपलं दार बंद, पडले की उघडं. शहरातल्या गिऱ्हाईकाला साखर स्वस्त मिळावी म्हणून वरून भाव दाबायचा आणि शेतकरी मरू नये म्हणून खालून एफआरपी चढवायची, या दोन्हींच्या मध्ये कारखाना आणि बँक चेपली जाते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी सांगायला सुरुवात केली ती हीच गोष्ट: सरकार अनुदान देतं असं दिसतं, पण भाव पाडून त्याहून जास्त काढून घेतं. मर्यादित सरकारचा विचार आपल्याकडे विद्यापीठातून आला नाही. तो कांदा आणि उसाच्या आंदोलनातून आला, रस्त्यावर आला. तुमच्या वडिलांच्या पिढीने तो ऐकलेला आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जुना मातीचा वाडा उतरवताना बघितलाय का कधी? आधी कौलं काढतात, मग वासे, मग तुळई. भिंतीला लावलेला टेकू सगळ्यात शेवटी निघतो. टेकू कुरूप असतो, वाटेत येतो, पण आधी तो काढला तर छप्पर खाली उभ्या माणसाच्या अंगावर येतं. एफआरपी हा टेकू आहे. छपराचा भार निर्यातबंदीने, कोट्याने आणि अंतराच्या अटीने टाकलेला आहे. माझ्या हातात असतं तर मी आधी साखरेची विक्री आणि निर्यात मोकळी केली असती, मग अंतराची अट आणि ऊस बाहेर नेण्यावरची सगळी बंधनं. दोन-चार हंगामांत शेतकऱ्याच्या दारात दुसरा खरेदीदार दिसायला लागला, की एफआरपी किमान पातळी म्हणून खाली ठेवून वर महसूलवाटणी. आणि तीही कारखान्याचे हिशेब उघडे असतील तरच, कारण उपपदार्थांचं उत्पन्न किती हे कारखान्याने सांगायचं आणि आपण मान हलवायची, याला वाटणी म्हणत नाहीत. एफआरपी पूर्ण काढायची की नाही हे त्यानंतर बोलू. कदाचित तेव्हा कुणाला ती लागणारही नाही.

आता कायद्याची बाजू, कारण तुमच्या प्रश्नात मला एक गैरसमज दिसला. मर्यादित सरकार म्हणजे छोटं सरकार असं तुम्ही धरलंय. आम्हा वकिलांच्या लेखी मर्यादित म्हणजे कायद्याने बांधलेलं. सरकार एखादं कामच करणार नाही, ही एक मर्यादा. जे करेल ते ठरलेल्या नियमाने, ठरलेल्या अधिकारात करेल आणि रातोरात बदलणार नाही, ही दुसरी. उसात आपल्याला दुसरीच जास्त नडते. एफआरपी, 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे सगळं ज्या 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तो 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला आदेश आहे. तो बदलायला संसदेत चर्चा लागत नाही, अधिसूचना पुरते. इथेनॉलचं बघा. आधी सरकारनेच व्याज सवलत देऊन कारखान्यांना आसवनी (इथेनॉलचे प्रकल्प) उभारायला लावली. 7 डिसेंबर 2023 ला, हंगाम चालू असताना, उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला त्या वर्षापुरती मनाई आली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, आणि 2024 च्या ऑगस्टअखेर उठली. त्या महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या कारखान्यांच्या हिशेबनिसांच्या तोंडावर मी भीती बघितली आहे. नियम कडक असला तर धंदा त्याच्याशी जुळवून घेतो. तो महिन्याला बदलत असेल तर कसं जुळवायचं?

आणि आता एक प्रकरण, जिथं तुमचं तत्त्व आणि वडिलांचं ऊसबिल एकाच बाजूला उभे होते. 2022 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली: पहिला हप्ता ठरावीक उताऱ्यावर, बाकीचं हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा कळल्यावर. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात एकरकमी देणं आहे, राज्याला त्यात हात घालता येत नाही. सरकारला त्याच्या अधिकाराची हद्द दाखवून देणं, याहून मर्यादित सरकार वेगळं काय असतं? आणि त्याचा फायदा कुणाला झाला? ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, मुलाची फी भरायची असते, त्याच शेतकऱ्याला. वडिलांशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा इथून सुरुवात करा.

याच संदर्भात, कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्याचं महत्त्व मला फार वाटतं. त्यासाठी आम्ही वकील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. ऊसबिलाच्या रिटसाठी मुंबईला चार खेपा घालणं छोट्या शेतकऱ्याला कधीच परवडलं नाही. न्यायालय इतकं लांब असलं की कागदावरचा हक्क कागदावरच राहतो.

जिथं सरकारने असायलाच हवं तिथं ते किती कमी आहे, हेही सांगते, कारण सगळं काढून घ्या म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू सुटते. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी वजनाच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आला. रबर लावून दोन थप्प्या केल्या होत्या, एक खासगी काट्याची, एक कारखान्याच्या काट्याची. टेबलावर त्याने त्या जोड्या लावून मांडल्या, तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, वजन. जवळजवळ प्रत्येक खेपेला कारखान्याचं वजन कमी, कुठं तीन-चार क्विंटल, कुठं त्याहून जास्त. पावत्यांच्या मागं त्याच्या मुलीने पेन्सिलीने वजाबाक्या करून ठेवल्या होत्या. त्याचा प्रश्न एवढाच होता की हे विचारायचं कुणाला. वजनमापं तपासणारं वैधमापन खातं आहे, हंगामात भरारी पथकं नेमली जातात, पण पथक यायच्या दिवशी काटा बरोबर असतो, हे तालुक्यातलं पोरही सांगेल. वजन खरं असणं ही बाजाराची पहिली अट आहे. खुल्यात खुल्या बाजारालाही खरा काटा, वेळेवर पैसे आणि करार मोडला तर दाद मागायची जागा लागते. या तीन कामांत सरकार आजच्यापेक्षा मोठं आणि कडक हवं असं माझं ठाम मत आहे. दर ठरवायला आपल्याकडे समित्या आहेत, आणि काटा तपासायला माणसं नाहीत.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय की लोक आपसांत करार करून सगळं सोडवू शकतात. ही कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या रोनाल्ड कोस यांना 1991 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांच्या मांडणीत अट आहे: वाटाघाटीचा खर्च नगण्य हवा. पंचगंगेवर येऊन बघा. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत किती गावं हे पाणी पितात, आणि वर किती ठिकाणांहून सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी नदीत येतं. मासे मरून काठाला लागले की शिरोळच्या गावकऱ्याने नक्की कुणाशी करार करायचा? तिथं नियमच लागतो, आणि तो पाळून घेणारा माणूस लागतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. तुमचं रान सीमेजवळ असेल, रस्त्याला लागून असेल, दोन-तीन कारखान्यांच्या टप्प्यात असेल, तर मोकळ्या बाजाराचा फायदा तुम्हाला लवकर मिळेल. डोंगराकडच्या, एकाच कारखान्याच्या आणि वाईट रस्त्याच्या गावाला तो उशिरा मिळेल, कदाचित मिळणारच नाही. घरात नोकरीचा पगार येत असेल तर एखादा खराब हंगाम सोसता येतो, नुसत्या उसावर असलेल्या घराला नाही. कारखाना सहकारी आणि तुम्ही सभासद असाल तर गणित आणखी वेगळं, कारण कागदावर खरेदीदारही तुम्हीच. वारणानगरला तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीला घटना समितीचे सदस्य राहिलेले रत्नाप्पा कुंभार, यांनी कारखाने काढले ते एकाच गिऱ्हाइकाची कोंडी फोडायला, गिऱ्हाईकच आपल्या मालकीचं करून. सभासद जिथं सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून प्रश्न विचारतो तिथं ही कल्पना अजून जिवंत आहे. जिथं सभा दहा मिनिटांत मंजूर मंजूर म्हणत संपते, तिथं सभासदत्व म्हणजे सवलतीची साखर एवढंच उरलंय. तुमचे वडील शेवटच्या सभेला कधी गेले होते?

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण वाद तुमचा आहे पण ऊस वडिलांचा. गेल्या हंगामातल्या वजनाच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक घेऊन बसा. ऊस कारखान्याला पोचल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख समोरासमोर लिहा. 14 दिवसांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक दिवसाचं वर्षाला 15 टक्के दराने व्याज तुमचं आहे. 100 टनांचे 3,34,200 रुपये 40 दिवस उशिरा आले असतील तर हे व्याज साडेपाच हजारांच्या आसपास होतं. बहुतेक शेतकरी ते मागतच नाहीत. अर्ज पुण्याला साखर आयुक्तांकडे करायचा, पावत्या आणि पासबुकाच्या प्रती जोडायच्या, एक प्रत कारखान्याला द्यायची आणि पोच घ्यायची. मूळ बिलच थकलं असेल तर आयुक्त वसुलीचा आदेश काढू शकतात, मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. तारखा लिहून पाठवल्यात तर अर्जाचा मसुदा मी करून देते. पावत्या नसतील तर या हंगामापासून प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवा, आणि जमेल तेव्हा कारखान्याआधी बाहेरच्या काट्यावर एक वजन करून घ्या.